काटा बघायचा तो हवा सुरू असताना

नवेगाव बांधच्या आसपास प्लाझ्मा कटर रुळले, त्याला आता दहा-बारा वर्षं होत आली. त्याआधी ट्रॅक्टरचं केजव्हील असो की ट्रॉलीचा पाटा, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि गॅस कटरवरच काम चालायचं. सिलिंडर संपलं की काम अडायचं. हवेवर कापणारी मशीन आली आणि सगळ्यांना हायसं वाटलं, कारण हवा फुकट आहे. या वर्षांतल्या बहुतेक तक्रारी, मला वाटतं, या समजुतीतूनच आल्या.

प्लाझ्मा कटिंगचं पेटंट अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांच्या नावावर १९५७ साली झालं. तेव्हा आर्गॉनसारखे वायू लागत. साध्या हवेत टंगस्टनचा इलेक्ट्रोड जळून जाई. पुढे तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकात हाफ्नियम बसवलं आणि हवा चालू लागली. पण या हवेवर कामं किती! आर्क आवळून धरायचा, वितळलेलं लोखंड उडवायचं, नोझल थंड ठेवायचं. अनेक टॉर्चमध्ये तर इलेक्ट्रोडला नोझलपासून मागे ढकलते तीही हवाच. दाब कमी पडला की ठिणगीच पडत नाही. मग मशीन दुरुस्तीसाठी मला फोन यायचा, “भाऊ, बोर्ड उडला जी.”

बोर्ड बहुतेक वेळा शाबूत असायचा. दाबाचा काटा ६ किलो दाखवतोय, असं कारागीर ठामपणे सांगायचा आणि ते खरंही असायचं. पण टॉर्चचं बटण दाबून हवा सोडली की तोच काटा ३ वर घसरायचा. मशीनला साधारण साडेचार ते साडेपाच किलो लागतात, तेही हवा वाहत असताना. दोष निघायचा होजमध्ये. तेवढीच हवा १० मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटरच्या नळीतून नेली तर दाबाची घट दहा पटींहून जास्त होते. कधी फिल्टर चोंदलेला, कधी जोडात टेफ्लॉन टेपचा तुकडा अडकलेला. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसरच दमायचा.

यावर उपाय म्हणून रेग्युलेटर पिळून दाब वाढवणारेही होते. जादा दाबाने सुरुवातीचा पायलट आर्क विझतो, इलेक्ट्रोडला लवकर खड्डा पडतो. काहींच्या मनात ऑक्सिजनचं सिलिंडर जोडायचं यायचं. हवेच्या मशीनला ते कधीही जोडू नये. लाइनमध्ये कॉम्प्रेसरचं तेल असतं, आग लागते.

खरी कसोटी पावसाळ्याची. चिखलणी-रोवणीच्या दिवसांत केजव्हीलच्या दुरुस्तीची रीघ लागते आणि हवेत ओलावाही तेव्हाच सर्वांत जास्त असतो. हवा दाबून थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटतं. अशा दमट दिवशी तासभर सलग कापलं तर पेलाभर पाणी सहज निघतं. ते टॉर्चपर्यंत पोचलं की आर्क फटफटतो, नोझलचं गोल भोक लांबट होतं, काप तिरका जातो. गिऱ्हाईक बांधावर ताटकळलेलं आणि इथे एकामागून एक नोझल बाद.

आता बऱ्याच ठिकाणी सकाळी आधी टाकीचा ड्रेन उघडतात, फिल्टर मशीनजवळ लावतात, साबणाच्या पाण्याने जोड तपासतात आणि दाब हवा सुरू ठेवूनच लावतात. एअर ड्रायर मात्र छोट्या दुकानाला अजून परवडत नाही. पावसाळ्यात पाण्याचा ट्रॅप दिवसातून दोन-तीनदा रिकामा करावाच लागतो.