आठवीनंतर शाळेत जायचं कसं?

पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी, असं शिक्षण हक्काच्या नियमांनी ठरवून दिलं आहे. आठवीच्या पुढे हा कायदा काहीच बोलत नाही. शहरात त्यामुळे कुणाचं अडत नाही, गडचिरोलीत अडतं. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे. २०११ च्या जनगणनेत तिथे चौरस किलोमीटरमागे अवघी ७४ माणसं मोजली गेली. तीन-चतुर्थांश भाग जंगल, आणि गाडी थांबेल असं रेल्वे स्टेशन कितीतरी वर्षं एकच, वडसा. चंद्रपूरची लोकवस्ती दाट असली तरी जिवती, सिंदेवाही, नागभीड, सावली या पट्ट्यातल्या गावांची अडचण याच जातीची. हायस्कूल मोठ्या गावात असतं, मुलगी टोल्यावर किंवा पाड्यावर राहते आणि मध्ये एखादा नाला आडवा येतो.

आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलींचा रोजचा प्रश्न सुटतो. बाकीच्यांसाठी मार्ग तीन: सायकल, बस, नाहीतर पायी. सायकल, बस आणि रस्ता या तिन्ही गोष्टी सरकारकडून मिळतात खऱ्या, पण तीन वेगळ्या दारांतून. कोणता कागद कोणत्या दारी न्यायचा हे ज्या गावाला कळलं त्या गावाच्या मुली बारावीपर्यंत पोचतात, असं माझं मत आहे. म्हणून एकेक दार पाहू.

पहिलं दार शाळेचंच. राज्याचा मानव विकास कार्यक्रम २३ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत चालतो आणि चंद्रपूर-गडचिरोलीतले बरेच तालुके त्यात आहेत. शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलीला सायकलसाठी त्यातून पैसे मिळतात. आधी ही रक्कम ३,५०० रुपये होती, २०२२ साली ती ५,००० झाली. सायकल हातात दिली जात नाही, पैसे मुलीच्या बँक खात्यात येतात. आधी ३,५०० जमा होतात. सायकल घेऊन पक्की पावती शाळेत दिली की उरलेले १,५०० येतात. आठवी ते बारावी या पाच वर्षांत हा लाभ एकदाच.

वाचताना सोपं वाटतं. अडचण येते खात्यात आणि पावतीत. मुलीचं खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. आठवडी बाजारात जुनी सायकल घेतली तर पक्की पावती मिळत नाही, मग दुसरा हप्ता गेला. शिवाय बहुतेक दुकानांत साधी लेडीज सायकलसुद्धा पाच हजारांच्या वर जाते, तेव्हा थोडी भर घरातून घालावीच लागते. गरजू मुलींची यादी मुख्याध्यापक करतात. म्हणून पालकांनी जून उजाडताच यादीत नाव आहे का ते विचारावं, दिवाळीपर्यंत थांबू नये.

घेताना आणखी एक चूक सर्रास होते. पाच वर्षं पुरली पाहिजे म्हणून तेरा वर्षांच्या पोरीला मोठ्यात मोठी सायकल घेऊन देतात. तिचे पाय टेकत नाहीत, मुरमावर तोल जातो, दोनदा आपटली की सायकल घराच्या भिंतीला टेकून राहते आणि पुढे भावाची होते. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत. सीटची दांडी वर करायला जागा असली की सायकल मुलीबरोबर वाढते.

सायकलवर एवढा भर का? २००६ साली बिहारने नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत वयानुसार दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आणि मुलामुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. हा फरक मुख्यतः तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब शाळा असलेल्या गावांत पडला होता. आपल्या जंगलातल्या गावांचं अंतर नेमकं हेच.

आणि सायकल इथे परकी नाही. वडसा हे केंद्र धरून झाडीपट्टीची, म्हणजे याच भागाची, नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, रात्रभर चालतात. मोटरसायकली घरोघर येण्याआधी ती पाहायला माणसं बंडीने नाहीतर सायकलने, डबल सीट, ट्रिपल सीट येत. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी भारत जोडो अभियान काढलं तेही सायकलींवरच. डिसेंबर १९८५ मध्ये ११६ तरुण-तरुणी कन्याकुमारीहून निघाले आणि पाच हजारांवर किलोमीटर तुडवत एप्रिल १९८६ मध्ये काश्मीरकडे पोचले. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना मणक्याच्या दुखण्यामुळे बसणंही कठीण होतं, ते सोबतच्या गाडीतून गेले. देश जोडायला चालणारी सायकल टोला आणि हायस्कूल का जोडणार नाही?

जोडते, पंक्चर होईपर्यंत. माझ्या मते या सगळ्या योजनेतली खरी उणीव इथे आहे. सायकलला पैसे मिळतात, दुरुस्तीला मिळत नाहीत. पंक्चरचं दुकान तालुक्याच्या नाहीतर बाजाराच्या गावी, म्हणजे बिघडलेली सायकल पुढच्या बाजारापर्यंत उभी. बाभळीचा एक काटा मुलीची आठ दिवसांची शाळा बुडवू शकतो. आणि पंक्चर काढणं हे काही कारागिराचं गुपित नाही. टायरची एक कड उचकटून ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरून परातीतल्या पाण्यात फिरवायची. बुडबुडे येतील तिथे खूण करायची. ती जागा कोरडी करून खरवडायची, सोल्यूशन लावायचं आणि ते चिकट होईपर्यंत थांबायचं. घाईने ओलं ठिगळ लावलं की ते दुसऱ्या दिवशी सुटतं. ठिगळ दाबून बसवलं की ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, जपून. काटा तिथेच रुतलेला असतो. तो काढला नाही तर शाळेच्या फाटकापर्यंत पुन्हा पंक्चर. हायस्कूलमध्ये एक पंप, टायर काढायच्या पट्ट्या, सोल्यूशनची नळी आणि जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवले आणि कार्यानुभवाच्या तासाला नववीच्या मुलींना शिकवलं तर खर्च किती? सायकलच्या रकमेपुढे नगण्य.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. वरोरा, भद्रावती, कोरपना या काळ्या मातीच्या भागात चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये असा बसतो की चाक फिरत नाही. तिथे पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवणं शहाणपणाचं, कपडे खराब झाले तरी. गडचिरोलीच्या मुरमाड आणि रेताड वाटांवर हा त्रास कमी, पण ओल्या रिमवर ब्रेक धरत नाही. उतारावर उतरून चालावं.

पाच किलोमीटरच्या पलीकडे दुसरं दार, एसटीचं. मानव विकास कार्यक्रमातूनच विद्यार्थिनींसाठी निळ्या बस आहेत, तालुक्याला सात या हिशेबाने. त्या चालवतं एसटी महामंडळ, पैसा राज्य सरकारचा. याशिवाय अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, मुलांना मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत असते. म्हणजे तिकिटाचा प्रश्न कागदावर तरी मिटलेला आहे. उरतो गाडीचा.

गाडी सुरू कशी होते? अर्ज आगार व्यवस्थापकाकडे जातो, त्याची प्रत विभाग नियंत्रकाकडे. डेपोची माणसं रस्ता पाहून जातात. नाल्यावरचा रपटा बसचं वजन पेलेल का, वळणावर फांद्या टपाला घासतात का, शेवटच्या गावी गाडी वळवायला मोकळी जागा आहे का, हे पाहतात. या शेवटच्या मुद्द्यावर बरेच अर्ज अडतात, आणि तो गावाच्या हातातला आहे. ग्रामपंचायतीने जागा सपाट करून दिली की एक कारण संपतं. सकाळी लवकरची फेरी हवी असेल तर गाडी रात्री गावात मुक्कामी ठेवावी लागते. मग ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला खोली, पाणी आणि संडास हवा. ही सोय नाही म्हणून मुक्कामी गाड्या बंद पडतात आणि गाव समजतं की साहेबांनीच बंद केली.

सुरू झालेली फेरी टिकते भारमानावर, म्हणजे किती आसनं भरली यावर. मुली निळ्या बसने, बाकीचे काळीपिवळी जीपने गेले की साध्या एसटीचं भारमान घसरतं आणि फेरी कापली जाते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आणि त्याआधीपासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. ही सवलत वापरणारी माणसं गावाने एसटीत बसवली तर मुलींची गाडीही टिकते. काळीपिवळी दारात थांबते हे खरं, पण ती अकरावीच्या मुलीसाठी पाच वाजता थांबणार नाही.

गाडी मिळायला किती वर्षं लागू शकतात याचं उदाहरण ताजं आहे. एटापल्ली तालुक्यात छत्तीसगडच्या सीमेकडच्या गर्देवाड्याला अहेरीहून पहिली एसटी गेली ती १ जानेवारी २०२५ रोजी, गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा ३२ किलोमीटरचा रस्ता झाल्यावर. धानोरा तालुक्यातल्या कटेझरीला त्याच वर्षी एप्रिलमध्ये. एसटीची पहिली गाडी मात्र पुण्याहून नगरला १ जून १९४८ रोजीच सुटली होती.

इथे तिसरं दार येतं, रस्त्याचं, आणि ते वनखात्याच्या आवारात उघडतं. जंगलातून रस्ता न्यायचा तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची लांबलचक परवानगी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) मात्र थोड्यांना माहीत आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी अशा तेरा सुविधांसाठी, आणि त्यात रस्ताही आहे, एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडली जाऊ नयेत आणि ग्रामसभेने शिफारस केलेली असावी. बांधकाम करणारी यंत्रणा प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवते, ग्रामसभा ठराव करते, वनपरिक्षेत्र अधिकारी जागा पाहतात आणि उपवनसंरक्षक निर्णय देतात. दिल्लीला फाइल जात नाही. साडेसात मीटर रुंदीचा पट्टा धरला तर एक हेक्टरमध्ये साधारण सव्वा किलोमीटर रस्ता बसतो. टोल्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा तुटलेला तुकडा पुष्कळ ठिकाणी एवढाच असतो.

ठरावाची ताकद या भागाला नवी नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यास गटातून चर्चा करत सामूहिक वनहक्क मिळवले, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने खुद्द केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. बांबूसाठी जे झालं ते रस्त्यासाठी का होऊ नये?

एक सांगायला हवं. सगळी गावं डांबराच्या मागे असतात, कारण डांबर दिसतं. सायकलला डांबर लागत नाही. तिला दोन हात रुंद मुरूम आणि नाल्यावर एक रपटा पुरतो. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतीकडे पाच टक्के अबंध निधी थेट येतो, रोजगार हमीतून मुरमाचं काम निघतं. डांबरी रस्त्याची वाट पाहण्यात एक मुलगी आठवीची बारावी होऊन जाते, किंवा होतच नाही. अर्थात पुराला रपटा पुरत नाही. भामरागडजवळ पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की तालुक्याचं ठिकाणच तुटतं, तिथे मोठ्या पुलाला पर्याय नाही.

राहिली वेळ, आणि वाघ. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात कामावरून सायकलने घरी निघालेला कामगार वाघाच्या हल्ल्यात मरण पावला. तेही शहराला लागून. सायकल आवाज करत नाही, हाच तिचा इथे दोष. पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने जाऊ नका, गटाने जा, घंटी वाजवत जा, मोहफुलांच्या दिवसांत जास्त जपा, एवढं वनखातं सांगतं. पण कॉलेज सकाळी सातला भरत असेल तर मुलगी पहाटेच निघणार. तेव्हा शाळेची वेळ बदलणं हाही वाहतुकीचाच उपाय आहे, आणि बिनखर्चाचा. शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय काढा. बस सुटायची वेळ आणि शाळेची शेवटची घंटा यांत तासाभराचं अंतर पडत असेल तर दोन्ही वेळा एकाच कागदावर मांडून तो मुख्याध्यापकांच्या सहीने डेपोत द्या. तोंडी तक्रारीला तिथे नोंद नसते.

आणि दाद मागायची वेळ आली तर एक नियम ध्यानात ठेवा. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी, आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिथे वैयक्तिक तक्रारच घेतली जाते. गावाचं सामूहिक निवेदन बाजूला पडतं. म्हणून अर्ज मुलीच्या आईच्या किंवा वडिलांच्या नावाने करा, मुलीचं नाव, इयत्ता, शाळा आणि अंतर लिहा, ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.