जिम सर्वांची, शिस्तही सर्वांची

सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत बहुतेक जिममध्ये गर्दी असते. कार्यालयातून सुटलेले नोकरदार, महाविद्यालयीन तरुण, गृहिणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आलेले ज्येष्ठ नागरिक हे सारे एकाच वेळी मोजक्या बेंचवर आणि रॅकवर अवलंबून असतात. अशा ठिकाणी शिष्टाचार हा केवळ सौजन्याचा भाग राहत नाही. त्याच्या अभावी कोणाला दुखापत होते, कोणाला त्वचारोग जडतो, तर नव्याने आलेली एखादी व्यक्ती शुल्क भरूनही आठवडाभरात येणे सोडते.

जुन्या तालमीत ही शिस्त न सांगता पाळली जात असे. हौद्यातील माती खणून सारखी करणे हे पैलवानांचेच काम असे आणि शिकवण्याचा अधिकार वस्तादांचा. जिममध्ये मात्र शुल्क भरले म्हणजे आवराआवर कर्मचाऱ्यांनी करायची, अशी समजूत रुजली. अनेक कुरबुरी येथूनच सुरू होतात.

सर्वांत जास्त तक्रार असते ती साधन अडवून बसण्याची. येथे दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. जड वजन उचलल्यानंतर स्नायूंतील तात्काळ ऊर्जेचा साठा भरून येण्यास वेळ लागतो. म्हणून दोन सेटमध्ये दोन ते पाच मिनिटांची विश्रांती घेतली जाते. बेंचवर बसलेला माणूस दर वेळी वेळ दवडत असतोच असे नाही. मात्र त्याच्या विश्रांतीच्या काळात दुसऱ्याचा सेट सहज होऊ शकतो. ‘तुमचे किती सेट राहिले? मध्ये मी करू का?’ एवढे विचारले की प्रश्न सुटतो. विचारल्यावर जागा करून देणे आणि विश्रांतीच्या वेळी मोबाइलवर बोलत साधन न अडवणे, हे दुसऱ्या बाजूचे कर्तव्य.

वापरलेल्या प्लेट जागेवर ठेवण्यामागे सुरक्षेचे कारण आहे. जमिनीवर पडलेल्या प्लेटला अडखळून पडण्याचा धोका असतो. शिवाय आपण सहज उचललेले ८०-१०० किलो वजन बारवर तसेच सोडले, तर पुढे येणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीला किंवा नवख्याला ते उतरवणे अवघड जाते. प्लेट काढताना दोन्ही बाजूंनी आळीपाळीने काढाव्यात. एका बाजूच्या सर्व प्लेट आधी काढल्यास जड बाजूच्या भाराने बार रॅकवरून उलटू शकतो.

तिसरा मुद्दा घामाचा. गोव्यासारख्या दमट किनारी प्रदेशात, विशेषतः पावसाळ्यात, गजकर्णासारखे बुरशीजन्य त्वचारोग वाढतात. बाधित व्यक्तीच्या त्वचेच्या संपर्कातून, तसेच सामायिक टॉवेल व कपड्यांतून ही बुरशी पसरते. म्हणून बेंचवर अंथरण्यासाठी एक आणि घाम पुसण्यासाठी दुसरा, असे दोन टॉवेल जवळ असावेत. व्यायाम संपल्यावर बेंच पुसूनच उठावे. बाहेरचे चिखलाने माखलेले बूट दाराशी काढून जिमसाठी वेगळे, कोरडे बूट वापरावेत. अंगावर चट्टे उठले असल्यास उपचार घेऊन बरे होईपर्यंत थांबणे, हे इतरांप्रतीचे उत्तरदायित्व होय.

न मागितलेला सल्ला हाही त्रासाचाच प्रकार आहे. नवख्यांना आणि महिलांना तो अधिक सोसावा लागतो. वजन डोक्यावर किंवा छातीवर असताना कोणाशी बोलू नये. त्या क्षणी लक्ष विचलित होणे घातक ठरू शकते. कोणाची चूक धोकादायक वाटल्यास सेट संपू द्यावा आणि प्रशिक्षकाच्या कानावर घालावे. आधार देण्यास कोणी बोलावले, तर किती वेळा उचलणार आणि हात केव्हा लावायचा, हे आधीच ठरवून घ्यावे.

राहिला मोबाइल. आरशासमोर स्वतःचे छायाचित्र काढताना मागील व्यक्ती त्यात येत नाही ना, हे पाहावे. कपडे बदलण्याच्या खोलीत तर मोबाइल बाहेर काढूच नये. खासगी क्षणी स्त्रीचे चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे.

या नियमांसाठी पैसा लागत नाही, जादा वेळही फारसा लागत नाही. जिमचालकांनी ते मराठीत, ठळक अक्षरांत दर्शनी भागी लावावेत आणि प्रशिक्षकांनी जुन्या सदस्यांनाही ते पाळायला लावावेत. पहिल्याच दिवशी संकोचत आत आलेल्या माणसाला कोणी बेंच पुसून मोकळा करून दिला, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याची शक्यता वाढते. आरोग्यासाठी उघडलेल्या जागेचा हेतू त्यातूनच साध्य होतो.