क्वांटम बिंदूंच्या कडेची गळती

माळशेज घाटाच्या वाटेवर मढच्या शिवारात सौरपंपाचे पॅनेल दिसले, तर ते सिलिकॉनचे असणार हे जवळ न जाताही सांगता येते. बाजार सिलिकॉनचाच आहे. प्रयोगशाळांत मात्र त्याला पर्याय शोधणे चालू असते आणि त्यातला एक म्हणजे क्वांटम बिंदू. या बिंदूंच्या रंगांचे कौतुक खूप झाले. त्यांच्यापासून वीज काढताना घाम फुटतो तो त्यांच्या कडेला, म्हणजे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो त्या ठिकाणी.

आधी बिंदू समजून घेऊ. तो अर्धवाहकाचा काही नॅनोमीटरचा स्फटिक असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या खड्यात इलेक्ट्रॉन मोकळा करायला साधारण 1.74 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. कण अगदी लहान केला की इलेक्ट्रॉनला आत जागा पुरत नाही आणि ही ऊर्जा वाढते. त्यामुळे पदार्थ तोच ठेवून, नुसता आकार बदलून, कुठला प्रकाश शोषायचा हे ठरवता येते. लेड सल्फाइडचे बिंदू तर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतात. बिंदूंचा शोध आणि ते तयार करण्याची रीत यांसाठी बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव्ह यांना 2023चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रकाश पडला की बिंदूत इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी धनभारी पोकळी उरते. दोघे पुन्हा भेटण्याआधी वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले तर वीज, भेटले तर ती ऊर्जा उष्णता किंवा प्रकाश होऊन वाया. मढच्या बाजूच्या उतारावरची भातखाचरे डोळ्यांसमोर आणा. वरच्या खाचरातले पाणी खालच्यात, तिथून आणखी खाली उतरते. सेलमध्येही थर असेच लावतात, प्रत्येक पुढच्या थरात इलेक्ट्रॉनची ऊर्जापातळी थोडी खाली. पायरी उलटी लागली तर इलेक्ट्रॉन अडतो. फार खोल ठेवली तर पोहोचतो, पण व्होल्टेज वाया जाते. आणि पायऱ्या बरोबर असूनही खेकड्यांनी बांध पोखरला असेल तर पाणी मधेच गायब होते. सेलमधली ही बिळे कुठे असतात?

बिंदूच्या पृष्ठभागावर. तीन नॅनोमीटरच्या कणात निम्म्याच्या आसपास अणू पृष्ठभागावरच असतात. त्यातल्या ज्यांचे बंध अपुरे राहतात, तिथे इलेक्ट्रॉन अडकतो आणि पोकळीला भेटून संपतो. द्रावणात बिंदू बनवताना त्यांच्याभोवती ओलेइक आम्लाच्या अठरा कार्बनच्या लांब साखळ्या असतात. त्या बिंदूंना एकमेकांना चिकटू देत नाहीत, पण वीजही वाहू देत नाहीत. म्हणून त्या काढून आयोडाइडसारखे छोटे आयन बसवतात. 2012 मध्ये टोरोंटोच्या गटाने सेंद्रिय रेणू आणि हॅलाइड आयन दोन्ही वापरून पृष्ठभागावरची बिळे बुजवली आणि 7 टक्के कार्यक्षमता गाठली. 2014 मध्ये एमआयटीच्या गटाने त्याहून चतुर गोष्ट केली. बिंदू दोन्ही थरांत लेड सल्फाइडचेच, फक्त भोवतालचे रेणू वेगळे. तेवढ्याने ऊर्जापातळ्या सरकल्या, हवी ती पायरी आपोआप तयार झाली आणि आकडा 8.55 टक्क्यांवर गेला. मला या साऱ्या कथेतला हा सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो.

दुसरी वाट स्वस्ताईची आहे आणि ती कोल्हापुरातून जाते. शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांच्या गटाने साध्या रासायनिक द्रावणांतून पातळ थर बनवण्यावर वर्षानुवर्षे काम केले. काच आळीपाळीने दोन द्रावणांत बुडवण्याच्या ‘सिलार’ पद्धतीचा एच. एम. पठाण आणि लोखंडे यांनी 2004 मध्ये लिहिलेला आढावा आजही जगभर उद्धृत होतो. पठाण पुढे पुण्यात, सावित्रीबाई फुले विद्यापीठात याच विषयावर काम करत राहिले.

या पद्धतीने बिंदू चढवायची कृती अशी. विद्युतवाहक काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा सच्छिद्र थर द्यायचा. ती काच कॅडमियमच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, धुवायची, मग सोडियम सल्फाइडच्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. धुणे महत्त्वाचे, सैल राहिलेले आयन गेले नाहीत तर थर गुठळ्यांचा होतो. एका फेरीत कॅडमियम सल्फाइडची अगदी पातळ वाढ होते, त्यामुळे कणांचा आकार फेऱ्यांनी ठरतो. हाव करून फेऱ्या वाढवल्या की छिद्रे बुजतात. या बुडवण्या-धुण्याला ना निर्वात पंप लागतो, ना भट्टीची धग.

पण इथे बिळे दोन ठिकाणी. पोकळी उचलून न्यायला सेलमध्ये पॉलिसल्फाइडचे द्रावण भरलेले असते. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये पोहोचलेला इलेक्ट्रॉन उलटा फिरून त्या द्रावणात गळतो. ते रोखायला शेवटच्या एक-दोन फेऱ्या झिंक सल्फाइडच्या देतात. त्याच्या ऊर्जापट्ट्यांमधले अंतर मोठे असल्याने इलेक्ट्रॉनला ती भिंत लागते, शिवाय बिंदूंचे उघडे बंधही झाकले जातात. लेप जाड झाला तर पोकळीही आत कोंडते, म्हणून हात आखडता.

दुसरी गळती समोरच्या इलेक्ट्रोडवर. नेहमीचे प्लॅटिनम सल्फाइडने निकामी होते. तिथे चक्क पितळ कामी येते. पितळेचा पत्रा आम्लात कोरून पॉलिसल्फाइडमध्ये बुडवला की त्यावर कॉपर सल्फाइड धरते आणि उत्तम चालते. मात्र द्रावण पितळ खातच राहते, त्यामुळे असा सेल टिकत नाही.

आकड्यांचे म्हणाल, तर पेरोव्हस्काइट नावाच्या शिसेयुक्त स्फटिकांच्या बिंदूंनी 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत 13.4 टक्के गाठले आणि 2024 मध्ये दक्षिण कोरियातल्या उल्सानच्या गटाने 18.1 टक्के. तिथेही सुधारणा झाली ती बिंदूंभोवतीचे रेणू बदलूनच. असे विक्रम वाचताना सेलचे क्षेत्रफळ पाहायची सवय लावावी. बहुधा ते नखाएवढेही नसते. छतावरच्या सिलिकॉन पॅनेलचे वीसेक टक्के हे दोन चौरस मीटरवरचे असतात. शिवाय पेरोव्हस्काइटला ओल सोसत नाही. माळशेजच्या पावसात त्याला पक्के बंद आवरण लागेल, आणि ते फुटले तर त्यातले शिसे मातीत उतरेल. म्हणून काही गट शिसे आणि कॅडमियम दोन्ही टाळून तांबे, इंडियम आणि झिंकच्या मिश्र बिंदूंकडे वळले आहेत. त्यांच्याही कडेला अर्धवट बंध आहेतच.