वाफेच्या कढईची निगा

मिठाई, सरबत, मुरंबा किंवा केटरिंगच्या धंद्यातील आमच्या अनेक वाचकांकडे भट्टीच्या जागी आता वाफेची कढई, म्हणजे स्टीम जॅकेट केटल, आली आहे. आच सर्व बाजूंनी सारखी लागत असल्याने दूध किंवा फिरनी सहसा करपत नाही. मात्र कढई आतून घासून लख्ख केली की निगा झाली, असा समज आढळतो. खरी निगा हवी ती न दिसणाऱ्या भागाची, म्हणजे दोन पत्र्यांमधील जॅकेटची.

परळ-लालबागच्या कापड गिरण्यांत सुताला खळ लावण्यासाठी व रंगाईसाठी वाफ लागे. तिथे बॉयलरवर प्रमाणपत्र मिळवलेला अटेंडंट असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. लहान कारखान्यात असा जाणकार क्वचितच असतो. म्हणून मालकाने व कारागिराने पुढील गोष्टी स्वतः समजून घ्याव्यात.

जॅकेटमधील वाफ पत्र्याला उष्णता देते आणि तिचे पाणी होते. हे पाणी स्टीम ट्रॅपमधून बाहेर पडते. ट्रॅप तुंबला तर पाणी तळाशी साठते, माल शिजायला वेळ लागतो आणि पाइपात ठोके ऐकू येतात. ट्रॅप उघडाच राहिला तर वाफ, म्हणजे इंधनाचा पैसा, वाया जातो. जॅकेटमध्ये हवा अडकली तरी नुकसानच. १ किलो दाबाच्या शुद्ध वाफेचे तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस असते. हवा मिसळली की काटा तोच दाब दाखवतो, पण उष्णता कमी मिळते.

रोज सुरुवातीला हवेचा कॉक उघडून वाफ हळूहळू सोडावी. रिकामी कढई तापवू नये आणि तापलेल्या कढईत एकदम थंड पाणी ओतू नये. जोडाला तडा जाऊ शकतो. काम संपताच कढई धुवावी व माल काढण्याचा खालचा व्हॉल्व्ह खोलून साफ करावा. तिथे राहिलेले दूध दुसऱ्या दिवशीचा घाणा नासवते. लोखंडी घासणी वापरू नये. खारट माल किंवा ब्लीचचे पाणी रात्रभर ठेवल्यास स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

ट्रॅपपुढील गाळणी ठरावीक दिवशी साफ करावी. दाबाचा काटा वाफ बंद केल्यावर शून्यावर येतो का, हे पाहावे. सेफ्टी व्हॉल्व्ह निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे तपासावा. तो गळतो म्हणून त्याला तार बांधणे किंवा बूच मारणे म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या कारागिराच्या जिवाशी खेळणे होय. असा व्हॉल्व्ह बदलावाच. दाब पूर्ण उतरल्याशिवाय एकही नट सैल करू नये.

वाफ वेगळ्या बॉयलरमधून येत असेल तर त्याची कागदपत्रेही पाहावीत. १९२३ च्या कायद्याच्या जागी आता बॉयलर कायदा, २०२५ आला आहे. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे किंवा १ किलोपेक्षा कमी दाबाचे बॉयलर त्यातून वगळलेले आहेत. इतरांना साधारणपणे नोंदणी व तपासणी लागते. शंका असल्यास राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे विचारणा करावी.

रमजान, गणपती व दिवाळीच्या हंगामात कढईला उसंत नसते. म्हणून फिटरला हंगामापूर्वीच बोलवावे, अशी आमची सूचना आहे. ऐन ऑर्डरीच्या दिवशी कढई बंद पडली तर त्या दिवसाचा माल जातो आणि गिऱ्हाईकही जाते.