उंची मोजायची कुठून? बालाघाट, हॅम रेडिओ आणि संशोधनातला एक साधा प्रश्न

आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे आणि सोलापूर साधारण ४६० मीटरवर. मग धाराशिवच्या एखाद्या चौकात उभं राहून हातातल्या रेडिओवरून बोललं, तर आवाज सोलापुरातल्या चौकातून जातो त्यापेक्षा लांब जाईल का?

बरेच जण पटकन 'हो' म्हणतात. पण उत्तर 'नाही' असं आहे. ते 'नाही' का, हे नीट समजलं तर संशोधनात नेमकं काय मोजायचं हे ठरवायला मोठी मदत होते.

आधी थोडं या छंदाविषयी

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन, पैसे कमावण्यासाठी नव्हे तर हौस आणि प्रयोग म्हणून चालवलेला रेडिओ. भारतात त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की ती देता येते.

याच छंदात 'समिट्स ऑन द एअर', थोडक्यात 'सोटा' नावाचा एक उपक्रम आहे. तो २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि नंतर अनेक देशांत पसरला. रेडिओ, बॅटरी आणि अँटेना पाठीवर घेऊन डोंगरमाथा गाठायचा आणि तिथून इतरांशी संपर्क साधायचा. गुण हवे असतील तर किमान चार वेगवेगळ्या केंद्रांशी बोलणं व्हायला हवं. गाडीत बसून केलेला संपर्क धरत नाहीत आणि जमिनीवरच्या रिपीटरमार्फत केलेलाही नाही. माथ्यापासून उभ्या अंतरात २५ मीटरपेक्षा खाली उतरायचं नाही, हाही नियम आहे.

माथाच का, ते आता आकड्यांत बघू.

क्षितिज किती लांब?

छोट्या हँडसेटवर जास्त वापरला जातो तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, वातावरणामुळे किंचित खाली वाकतात. त्यामुळे रेडिओचं क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा थोडं लांब असतं. हिशोब सोपा आहे: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दोन्ही टोकांचे आकडे काढून बेरीज करायची.

सपाट जमिनीवर दोन माणसं उभी आहेत आणि दोघांचे अँटेना २ मीटर उंचीवर आहेत असं धरा. प्रत्येकाचे ५.८, म्हणजे एकूण ११ ते १२ किलोमीटर झाले.

आता धाराशिवच्या चौकातल्या माणसासाठी उंची म्हणून थेट ६५० घातले तर १०५ किलोमीटर येतात. आकडा छान दिसतो, पण चुकीचा आहे. शहर पठारावर वसलंय आणि आसपासचा बराच भाग जवळपास तेवढ्याच उंचीचा आहे. सूत्रातली उंची समुद्रापासूनची नाही, लहर ज्या जमिनीवरून जाते तिच्यापासूनची आहे. म्हणजे इथेही माणसाची खरी उंची २ मीटरच, आणि उत्तर पुन्हा ११-१२ किलोमीटर.

कडा आणि शिखर

आता तुळजापूरला जाऊ. तुळजापूर बालाघाटाच्या काठावर आहे. तिथून सोलापूरकडे घाट उतरला की जमीन बरीच खाली जाते. काठावरची मोकळी जागा खालच्या सपाटीपासून १५० मीटर उंच धरली, तर क्षितिज ५० किलोमीटरवर जातं. सोलापूर सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटर आहे. मध्ये काही आडवं येत नसेल तर संपर्क व्हायला हवा.

५ वॅटच्या हँडसेटला हे झेपेल का? मोकळ्या जागेत ४० किलोमीटरवर या लहरींची घट साधारण १०८ डेसिबल होते. ती वजा करूनही चांगल्या रिसीव्हरला लागतो त्यापेक्षा साधारण ५० डेसिबल जास्त, म्हणजे जवळपास एक लाख पट सिग्नल कागदावर शिल्लक राहतो. प्रत्यक्षात छोटा अँटेना, झाडं, इमारती यांत त्यातला बराच जातो. तरीही मुद्दा स्पष्ट आहे: अडचण बहुतेक वेळा वॅटची नसते, मध्ये आलेल्या जमिनीची असते.

गंमत पुढे आहे. सोटामध्ये प्रत्येक उंच जागा 'शिखर' ठरत नाही. तिथे प्रॉमिनन्स बघतात. म्हणजे असं: या माथ्यावरून याहून उंच माथ्याकडे जाताना कमीत कमी किती खाली उतरावंच लागतं? सर्वसाधारण अट १५० मीटरची आहे. राज्यातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, ही अट सहज पार करतं. पण पठाराच्या काठावरून मागे चालत गेलं तर फारसं उतरावंच लागत नाही. म्हणून काठाचा प्रॉमिनन्स जवळपास शून्य. एका बाजूला मात्र रेडिओचं क्षितिज ५० किलोमीटर!

म्हणजे एकाच जागेच्या 'उंची'चे तीन आकडे झाले: समुद्रसपाटीपासून ६५०, दक्षिणेच्या सपाटीपासून १५०, आणि प्रॉमिनन्स जवळपास शून्य. तिन्ही बरोबर आहेत. फक्त प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. गिर्यारोहणाचे गुण द्यायला प्रॉमिनन्स चांगला, पण सोलापूरशी बोलता येईल का हे त्यावरून कळत नाही.

याने फरक काय पडतो?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न फक्त हौसेचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली. त्यानंतर संपर्कासाठी हॅम रेडिओ चालवणाऱ्यांना भूकंपग्रस्त भागात पाठवण्यात आलं होतं. अशा वेळी माणूस कुठे उभा करायचा, हे नकाशावरचा सर्वात मोठा आकडा बघून ठरवलं तर तो पठाराच्या मधोमध उभा राहील आणि त्याचा आवाज खालच्या गावापर्यंत पोहोचणारच नाही.

तुम्ही काय करू शकता?

परवाना नसेल तर प्रसारण करायचं नाही. पण गणिताला परवाना लागत नाही. २००० साली अंतराळयानातून घेतलेला एसआरटीएम हा उंचीचा डेटा मोफत मिळतो, त्यात साधारण ३० मीटरला एक बिंदू आहे. आपल्या तालुक्यातल्या पाच जागा निवडा, प्रत्येक जागेसाठी चारही दिशांचा उंचीचा छेद काढा आणि कुठल्या गावाशी संपर्क होईल याचा अंदाज आधीच लिहून ठेवा.

मग परवानाधारक हॅमला सोबत घेऊन तपासा. परवान्यात केंद्राचं ठिकाण नोंदलेलं असतं, म्हणून दुसरीकडून प्रसारण करण्याबाबतचे नियम त्यांना आधी बघू द्या. विजा चमकत असतील तर काठावर अजिबात थांबू नका.

आणि वहीत फक्त झालेले संपर्क नोंदवू नका. हाक मारली, उत्तर आलं नाही, हेही वेळ, दिशा आणि जागेसकट लिहा. नुसते यशस्वी संपर्क जमवले तर प्रत्येक टेकडी उत्तमच वाटेल.

तुमच्या विषयात रेडिओ नसेल, डोंगरही नसतील. पण प्रस्तावात 'उत्पन्न', 'गुणवत्ता', 'पाण्याची पातळी' असा एखादा शब्द नक्की असेल. तो लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हे मी कुठून मोजतोय, आणि माझ्या प्रश्नाला तीच मोजणी हवी आहे का?