मणक्यातल्या कर्करोगाचा माग

क्ष-किरण १८९५ साली सापडले. त्यानंतर कितीतरी दशकं मणक्यात पसरलेला कर्करोग शोधायला साध्या एक्स-रेवरच भिस्त होती. मणक्यातलं निम्म्याच्या आसपास खनिज झिजल्याशिवाय फोटोत फारसं काही दिसायचं नाही. समोरून काढलेल्या फोटोत मणका घुबडाच्या तोंडासारखा दिसतो: दोन बाजूंची पेडिकल म्हणजे डोळे, मधला काटा म्हणजे चोच. कर्करोगाने एक पेडिकल खाल्लं की घुबड डोळा मिचकावतं. रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांना ही खूण पाठ असते. मला ती जरा क्रूरच वाटते, कारण ती दिसेपर्यंत मणक्याचा पुढचा भाग बहुधा पोखरून झालेला असतो.

रोग कण्यातच इतका का घुसतो? १९४० साली ऑस्कर बॅटसन यांनी दाखवलं, की कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की तिथलं रक्त उलटं फिरतं, आणि प्रोस्टेटमधल्या कर्करोगाच्या पेशी फुप्फुसाला वळसा घालून कण्यात पोचू शकतात.

१९७१मध्ये सुब्रमण्यन आणि मॅकॅफी यांनी टेक्नेशियमला फॉस्फेटची जोड दिली आणि बोन स्कॅन रोजच्या वापरात आला. एका इंजेक्शनात अख्खा सांगाडा! पण त्यात चमकते ती हाडाची डागडुजी, कर्करोग नव्हे. म्हणून झिजलेला सांधाही चमकतो, आणि ज्यात डागडुजी जवळपास होतच नाही असा मायलोमा, म्हणजे मज्जेतला कर्करोग, पुष्कळदा निसटतो.

माझ्या मते खरी कलाटणी एमआरआयने दिली. चरबीमुळे टी-१ प्रतिमेत उजळ दिसणारी मज्जा कर्करोगाने व्यापली की काळवंडते, हाड वरून शाबूत असलं तरी. मज्जारज्जूवर दाब आहे का, हे पाहायला पूर्वी कमरेत सुई टोचून मायलोग्राम काढावा लागे; आता एमआरआयच ते दाखवतो. त्या दाबाने पाय एकदा लुळे पडले की पुन्हा चालणं अवघड, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २००८ साली, अशा दाबाची लक्षणं दिसली तर २४ तासांत एमआरआय करा, असं सांगितलं. तोही अख्ख्या कण्याचा, कारण दुखतं त्याच जागी रोग थांबलेला असतो असं नाही.

पुढची पायरी पेट स्कॅनची. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आलं. पेट स्कॅनला लागणारं किरणोत्सारी फ्लोरीन-१८ त्यात बनतं, आणि ते ११० मिनिटांत निम्मं होतं. ते परदेशातून मागवणार तरी कसं? आता प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी, त्या पेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन हेरणारा पीएसएमए पेट आहे. २०२०च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत त्याची अचूकता ९२ टक्के भरली, सीटी आणि बोन स्कॅनची मिळून ६५. तरी एखादा फिकट ठिपका निरुपद्रवी निघतोच. संशय फिटला नाही, तर रुग्णाला सीटीखाली पालथं झोपवून सुईने तुकडा काढतात.