आठवीतली लेक म्हणते, पार्लरला जायचंय



गेल्या महिन्यात एका गटाच्या सभेला बसले होते. बचत जमा झाली, हप्ते भरून झाले आणि अंतर्गत कर्जाची मागणी सुरू झाली. एका ताईंनी तीन हजार मागितले. कारण काय लिहायचं म्हणून सचिवताई थांबल्या, तर त्या हळूच म्हणाल्या, "मुलीचा खर्च लिहा." विचारल्यावर कळलं की मुलगी आठवीत आहे, तेरा वर्षांची. पंधरा दिवसांवर चुलत बहिणीचं लग्न. पोरीला फेशियल, ब्लीच आणि केस सरळ करून घ्यायचेत. दोन दिवस धड जेवली नाही.

सभेत लगेच दोन बाजू पडल्या. एक वयस्कर ताई म्हणाल्या, "या वयात कसली ही थेरं!" एक तरुण सून म्हणाली, "आपल्याला नाही मिळालं म्हणून तिलापण नाही का?" शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं, पार्लर चालवणाऱ्या आपल्याच दोन मैत्रिणींशी बोलले. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न एका घरातला नाही. मोबाईल घरोघरी आहे आणि लग्नसराई दरवर्षी येते.

पहिली गोष्ट, "पार्लर" या एका शब्दात आपण पाच-सात वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. त्यातल्या काही निरुपद्रवी आहेत, काही नाहीत. म्हणून हो किंवा नाही म्हणायच्या आधी लेकीला विचारा, नेमकं काय करायचंय? आणि स्वतःला विचारा, हे बिघडलं तर आपोआप भरून येणार आहे का?

केस कापले तर वाढतात. नेलपॉलिश निघते. घरची मेंदी आठ-दहा दिवसांत जाते. थ्रेडिंगचे केस तीन-चार आठवड्यांत परत येतात. वरच्या ओठावरच्या लवीवरून वर्गातली मुलं चिडवत असतील आणि पोरगी म्हणत असेल "काढून दे", तर त्यात एवढं चिडण्यासारखं काही नाही. दोरा नवा हवा, करणारीचे हात धुतलेले हवेत आणि तोंडात धरलेला दोरा नको, एवढं बघा. त्या जागी पिंपल किंवा चामखीळ असेल तर मात्र थांबा, दोऱ्याने ती पसरते.

मेंदीबद्दल एक सांगते. तासाभरात कुळकुळीत काळी होणारी "काळी मेंदी" घेऊ नका. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस-तपकिरी असतो आणि चढायला वेळ लागतो. काळ्या मेंदीत बहुतेक वेळा केस काळे करण्याच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन घातलेलं असतं. त्याने हातावर फोड येतात, आणि एकदा त्या रसायनाची ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते. पुढे केसांना डाय लावला तरी तोंड सुजतं.

जत्रेतल्या टॅटूचंही तसंच. एकाच सुईने दहा जणांना गोंदलं तर कावीळ ब आणि एचआयव्ही पसरू शकतो, आणि गोंदलेलं काही पुसलं जात नाही. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या आयांनी हे लक्षात ठेवा, सैन्यभरतीत टॅटूवर बंधनं आहेत.

आता त्या ताईंच्या लेकीची यादी घेऊ.

ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो. त्याने चेहऱ्यावरची लव पिवळट होते, म्हणून चेहरा उजळ वाटतो. कातडी गोरी होत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी बहुतेक मुलींना पिंपल असतात, त्यावर ब्लीच लागलं की जळतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर जळल्याचा डाग महिनोन् महिने राहतो. लग्न एका दिवसाचं, डाग दिवाळीपर्यंत.

फेशियलचं म्हणाल तर मोठ्या बाईला त्यात आराम वाटतो, पण पिंपल असलेल्या चेहऱ्यावर चोळणं, वाफ देणं आणि नखाने दाबून काढणं म्हणजे पिंपल वाढवणं. पिंपल घाणीने येत नाहीत, "उष्णता बाहेर पडते" म्हणूनही नाही. या वयात शरीरात जे बदल होतात त्यामुळे कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात आणि छिद्रं बुजतात. दिवसातून दोनदा साध्या साबणाने तोंड धुणं, नख न लावणं, चेहऱ्यावर तेल न चोळणं एवढं केलं तरी बऱ्याच जणींचं निभावतं. मोठे, दुखणारे, खड्डे पाडणारे पिंपल असतील तर मात्र डॉक्टरांकडे लवकर न्या. "वयाचे आहेत, जातील" म्हणून थांबलं तर पिंपल जातात पण खड्डे राहतात.

आणि घरगुती म्हणजे निर्धोक, असंही धरू नका. लिंबू चोळून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी काळी पडते. खायचा सोडा, टूथपेस्ट, दगडाने घासणं, यातलं काहीही चेहऱ्यासाठी नाही. बेसन-हळद लावायची तर लावा, फक्त खसाखसा घासू नका.

केस सरळ करणं हा सगळ्यात महागडा भाग, आणि माझ्या मते या वयात सरळ नाही म्हणावं असा. स्मूदनिंग, केराटिन अशी नावं असतात. काही औषधांतून फॉर्मॅलिनची वाफ निघते, डोळे चुरचुरतात, दम लागतो. काहींमध्ये ग्लायोक्सिलिक आम्ल असतं आणि अशा ट्रीटमेंटनंतर किडनीला इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. सगळ्यांनाच होतं असं नाही. पण तीन हजार घालायचे, धोका घ्यायचा आणि सहा महिन्यांत मुळाकडून पुन्हा कुरळे केस येणार, म्हणजे पुन्हा तीन हजार. तेरा वर्षांच्या पोरीच्या केसांची ठेवण अजून बदलतेही आहे.

सगळ्यात मोठी काळजी ट्यूबची

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पार्लरमुळे बिघडलेले चेहरे त्यांच्याकडे येतात तेवढेच, किंबहुना जास्त, मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबमुळे बिघडलेले येतात. वीस-पंचवीस रुपयांपासून मिळणारी गोरं होण्याची ट्यूब. शेजारणीने सांगितली, बहिणीने पाठवली, मुलीने तिच्या पैशातून आणली. यातल्या अनेक क्रीम औषधं आहेत, त्यात स्टिरॉइड असतं. खाज, इसब अशा आजारावर डॉक्टर थोडे दिवस देतात ते हे औषध. तोंडाला लावलं की दोन-तीन आठवड्यांत चेहरा खरंच उजळतो, पिंपल बसतात. म्हणूनच तर ती ट्यूब एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

पुढचं कोणी सांगत नाही. काही महिन्यांत कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात गेलं की आग होते, पिंपल दुपटीने येतात, चेहऱ्यावर केस वाढतात. ट्यूब बंद केली की तोंड लालबुंद होतं, मग घाबरून पोरगी परत तीच लावते. डॉक्टरांच्या भाषेत याला स्टिरॉइडने बिघडलेला चेहराच म्हणतात, इतकं ते नेहमीचं झालं आहे. 2018 मध्ये सरकारने 14 प्रकारच्या स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती काउंटरवर सहज मिळतात, हे आपण सगळ्या जाणतो.

ओळखायचं कसं? खोक्यावर आरएक्स अशी इंग्रजी अक्षरं किंवा डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. मागच्या बारीक अक्षरांत बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर तेच ते. शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. तिला तिच्या हाताने ते नाव सापडलं तर आपण ओरडण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

दुसरा धोका पाऱ्याचा. बिनलेबलाच्या डबीतून, किंवा "बाहेरच्या देशाची" म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडतो. पाऱ्याने कातडी उजळते, पण तो अंगात मुरतो आणि किडनी खराब करतो. अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुली अशी क्रीम वापरून किडनीच्या आजाराने मुंबईच्या केईएम रुग्णालयात पोचल्या होत्या. 2023 च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत ते आलं होतं. म्हणून बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि मुदत नसलेली डबी घरात येऊ देऊ नका, मग ती देणारी कितीही ओळखीची असो.

चेहऱ्यावर दिसतं, पण आजार आत असतो

काही मुलींना पार्लरची नाही, तपासणीची गरज असते. मानेच्या मागे, काखेत काळपट जाड मखमलीसारखी कातडी झाली की आपण "मळ साठलाय" म्हणून घासत बसतो. तो मळ नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, विशेषतः वजन जास्त असेल तर. हनुवटीवर, छातीवर जाड राठ केस येत असतील आणि पाळी दोन-तीन महिने येतच नसेल तर डॉक्टरांना दाखवा. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होते, ते वेगळं.

चेहरा फिकट, निस्तेज, केस मुठीने गळतात, जिना चढताना धाप लागते, तर ते रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकतं. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी मिळते ती खाते का विचारा. बऱ्याच पोरी दप्तरात घालून आणतात किंवा फेकतात, कारण उपाशीपोटी मळमळतं. जेवणानंतर घ्यायला सांगा. ग्रामीण रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे हे सगळं मोफत विचारता येतं. आशाताईंना वार विचारून घ्या.

आता जरा अवघड बोलते. पोरीला गोरं व्हायचंय हे तिला कुठून कळलं? मोबाईलमधून, हे खरं. जाहिरातींतून, हेही खरं. 1975 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फेअर अँड लव्हलीच्या नावातला "फेअर" कंपनीने 2020 मध्ये काढून टाकला. काळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत असा नियम जाहिरातवाल्यांनी स्वतःसाठी 2014 मध्ये केला. पण आपल्या ओट्यावर आजही "रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस" असंच बोललं जातं, त्या "पण"सकट. पोरगी आत अभ्यासाला बसलेली असते आणि तिला सगळं ऐकू येतं. बारशाला गेलो की बाळाचा रंग कोणावर गेला हे आपणच पहिल्यांदा विचारतो. मीही विचारलेलं आहे.

म्हणून लेक पार्लरचं म्हणाली की आधी "कशासाठी" हे विचारा, पण उलटतपासणी नको. स्वयंपाक करताना, शेतावर जाताना सहज विचारा. लग्नात छान दिसायचंय, मैत्रिणीने केलं म्हणून करायचंय, हे एक. कोणी नावं ठेवली, चिडवलं, म्हणून करायचंय, हे वेगळं. आणि सासरकडच्यांना, पाहुण्यांना "दाखवायला" घरातलीच कोणी तिला तयार करत असेल, तर ते फारच वेगळं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला पाहुण्यांपुढे बसवायचं कारण काय, हे गटाने त्या घरी जाऊन विचारायला हवं. मुलांच्या आयांनो, तुमचे लेकही तीच ट्यूब लावतात आणि लाजेने बोलत नाहीत, तेवढं बघा.

आपल्या कितीतरी मैत्रिणींनी आरसेटीचं ट्रेनिंग घेऊन, गटाच्या कर्जावर पार्लर उभं केलंय. हा लेख त्यांच्या पोटावर पाय द्यायला नाही. उलट त्यांच्यातल्या एकीने मला सांगितलं, "चौदा वर्षांची पोर ब्लीचला आली की मी आईला बोलावते. थ्रेडिंग करते, केसांची छान वेणी घालून देते, मेंदी काढते. आई खूश, पोर खूश, मला गिऱ्हाईक टिकतं." ज्यांनी नवीन पार्लर सुरू केलंय त्यांनी दोन गोष्टी पाळा. कोणतंही रसायन लावायचं तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. आणि ट्यूब विकू नका. एक चेहरा बिघडला तर गावातलं नाव जातं, हप्ता मात्र राहतो.

त्या ताईंच्या कर्जाचं काय झालं? पुढच्या आठवड्याच्या सभेत त्यांनीच मागणी कमी केली. पाचशे रुपये घेतले. पोरीशी त्यांचं दोन रात्री बोलणं झालं होतं. वर्गातल्या एकीने तिच्या मिशीवरून नाव पाडलं होतं आणि केसांचं, ब्लीचचं सगळं त्या रागातून निघालं होतं. थ्रेडिंग झालं, मेंदी झाली, उरलेल्या पैशात हिरव्या बांगड्या आल्या. केस सरळ करायचे नाहीत यावर पोरगी अजून रुसलेली आहे, असं ताई म्हणाल्या.

पुढच्या मासिक सभेला प्रत्येकीने घरातली एक तरी ट्यूब किंवा डबी सोबत आणा, खोक्यासकट. आशाताईंनाही बोलावलं आहे. मागची बारीक अक्षरं आपण मिळून वाचू. ज्यांच्या घरी कोणी सहा महिन्यांहून जास्त दिवस स्टिरॉइडची ट्यूब लावत असेल त्यांनी ती एकदम फेकून न देता ट्यूब घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, अचानक बंद केल्याने चेहरा जास्त भडकतो.